तळातली किल्ली

माझे व्याही कुलपं दुरुस्त करतात आणि माणसं बिघडवतात. चौकाच्या कोपऱ्यावर त्यांची टपरी आहे. तिच्या तिन्ही बाजूंना किल्ल्यांचे जुडगे लटकतात आणि मध्ये स्टुलावर हे बसलेले असतात, चेहरा असा की गिऱ्हाइकाने कुलूप नाही, यांची झोपच मोडली आहे. कुणी म्हणालं, किल्ली हरवली, की हे आधी त्याच्या निष्काळजीपणावर बोलणार, मग त्याच्या आईबापांनी लावलेल्या वळणावर, आणि त्यानंतर कुलूप हातात घेणार. कुलूप मात्र इतकं हळूच घेतात की बघत राहावं. हे मी कौतुक म्हणून सांगत नाही. माणसांशी वागायला जो हळुवारपणा लागतो तो सगळा त्यांनी लोखंडावर उधळला, एवढंच माझं म्हणणं आहे.

माझी लेक त्यांच्या मुलाला दिली म्हणून ते माझे व्याही. पण आमचं भांडण आधीचं, नातं नंतरचं. भंगारवाल्याच्या दुकानात तपकिरी चिनी मातीची एक जुनी दौत पडली होती. मी ती आधी पाहिली, त्यांनी आधी उचलली. मी तसं म्हटल्यावर ते म्हणाले, पाहायला काय, भिंतीवरची पालसुद्धा पाहते. आणि दौत खिशात घालून निघून गेले. त्या माणसाचं तोंड पुन्हा बघायचं नाही असं मी ठरवलं. पुढे लेक घरी आली आणि लाजत म्हणाली, मुलगा पसंत आहे, वडील कुलूपवाले.

आम्हा दोघांना खोड एकच, जुने उकिरडे खणायची. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात. आम्ही ते फेडायला निघालेली माणसं. बंद पडलेल्या कारखान्यांमागे, पडक्या दवाखान्यांमागे कचऱ्याचे खड्डे असतात. ते उकरायचे, माती चाळायची आणि जे सापडेल ते धुऊनपुसून घरी मांडायचं. औषधाच्या बाटल्या, हाडाची बटणं, बाहुल्यांचे हातपाय, गंजलेली वजनं. मी शाळांचे गणवेश शिवते, त्यामुळे बटणांवर माझा जीव. व्याह्यांना काहीही चालतं, फक्त ते दुसऱ्याला मिळता कामा नये.

गावात या नादाची आम्ही दोनच माणसं. एकट्याने कुदळ मारणं आणि चाळण हलवणं दोन्ही जमत नाही. म्हणून दर रविवारी विळा आणि भोपळा एकाच खड्ड्यावर. एकमेकांवर काडीचा विश्वास नसल्याने आम्ही नियम घातले होते. एकाने खणायचं, दुसऱ्याने चाळायचं, दुपारी अदलाबदल. खणताना जे अख्खं दिसेल ते खणणाऱ्याचं, चाळणीत जे उरेल ते चाळणाऱ्याचं. दुसऱ्याच्या घमेल्यात हात घालायचा नाही.

आणखी एक नियम होता, तो आमच्या आधीच्या खणणाऱ्यांपासून चालत आलेला. खड्डा तळापर्यंत चाळून झाला की बुजवण्याआधी तळाशी आपली खूण ठेवायची. पुढे कधी कुणी तिथे खणायला आला तर त्याला कळावं की इथे काही उरलेलं नाही, त्याची मेहनत वाया जाऊ नये. मी कोटाचं एक मोठं बटण ठेवते. व्याही स्वतः घासलेली किल्ली ठेवतात. तिच्या डोक्याला तीन भोकं असतात आणि ती जगातल्या कुठल्याच कुलपाला लागत नाही. त्यांच्या स्वभावाला शोभेलशीच.

आता मी कशाच्या मागे होते ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

माझी आई लग्नाआधी सोडावॉटरच्या कारखान्यात बाटल्या धुवायची. गळ्यात काचेची गोटी असलेल्या जुन्या बाटल्या. गोटी अंगठ्याने आत ढकलली की फस्सकन सोडा वर यायचा. सगळ्या गोट्या पांढऱ्या, बिनरंगाच्या. आई सांगायची की एकदा धुवायला आलेल्या ढिगात एक हिरवी बाटली निघाली आणि तिच्या गळ्यात निळी गोटी होती. आईने ती उजेडात धरून पाहिली. मुकादमाने पाहिलं, हातातून हिसकली आणि आईच्या थोबाडीत दिली. त्या झटापटीत बाटली फुटली, मागच्या खड्ड्यात गेली आणि आईला त्याच दिवशी कामावरून काढलं. माझे मामा मात्र वेगळंच सांगायचे. ते म्हणायचे, हिने बाटल्या चोरल्या म्हणून हाकलली, निळ्या गोटीची गोष्ट मागून रचली. आई जाईपर्यंत भावांच्या घरी तिच्यासमोर कपाटाला किल्ली लावली जायची. मी लहान होते, पण तो आवाज मला कळायचा.

मला ती निळी गोटी हवी होती. काच कुजत नाही. आई खरं बोलत असेल तर गोटी त्या खड्ड्यात असणार, आणि नसेल तर मामा खरे. कारखाना बंद पडून जमाना झाला होता, पण जागेच्या मालकाने कुणाला पाऊल ठेवू दिलं नव्हतं.

हे सगळं व्याह्यांना ठाऊक होतं, कारण माझ्या लेकीला पोटात काही ठेवता येत नाही. एकदा त्यांच्या घरी जेवायला बसलो असताना कुठल्याशा बाटलीवरून आमची जुंपली. मी त्यांना चोर म्हटलं. त्यांनी घास तोंडात असतानाच उत्तर दिलं.

"चोराच्या पोरीने आम्हाला चोर म्हणावं? निळी गोटी म्हणे. तुमची आई बाटल्या धूत होती की थापा मारत होती?"

जावई पानावरून उठला. लेक रडायला लागली. मी हात धुतला आणि चपला घातल्या. त्यानंतर कितीतरी महिने मी त्या उंबऱ्यावर पाय ठेवला नाही. लेकीला भेटायचं तर ती माझ्याकडे यायची आणि सांगायची की बाबा, म्हणजे तिचे सासरे, रविवारचे कुठेतरी एकटेच जातात, चिखलाने माखून येतात, जेवतही नाहीत धड. मी म्हणायचे, जाऊ देत, मसणात जाऊ देत.

मग एके दिवशी हे महाशय माझ्या दारात. आत या म्हणायची वाट पाहिली नाही, माफी तर दूरच. उभ्या उभ्या म्हणाले, सोडावॉटरच्या मागच्या जागेची परवानगी मिळाली आहे, मालकाच्या तिजोरीचं कुलूप मी काढून दिलं, यायचं तर या, नाहीतर मी माझा समर्थ आहे. राग तळपायापासून मस्तकात गेला होता. पण निळी गोटी म्हटल्यावर मी मांजरासारखी त्यांच्यामागे गेले. अडला हरी, दुसरं काय.

कारखान्याच्या मागच्या भिंतीला भगदाड होतं. तिथून आत गेलं की रानगवत, पडलेली चिमणी आणि तिच्या पायथ्याशी खड्डा. माती मऊ लागली. कुदळ लोण्यात जावी तशी जात होती. राखेचा थर, काचेचा थर, मातीचा थर असं जे एकाखाली एक दिसतं तसं इथे दिसत नव्हतं, सगळी भेसळ. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण हाव सुटली की डोळे नुसते शोभेला उरतात.

पहिल्याच दिवशी व्याह्यांनी जाहीर केलं की या खड्ड्यात खणणार ते एकटेच, मी फक्त चाळायचं. कारण माझा गुडघा. माझ्या गुडघ्याची काळजी त्यांच्या बापजन्मात त्यांना वाटली नव्हती. मी ओळखलं की अख्ख्या बाटल्या स्वतःला मिळाव्यात म्हणून ही चाल आहे. मी कधीही गेले तरी ते माझ्याआधी तिथे हजर, हातपाय मातीने भरलेले. तीही मी हावच समजले.

पण मिळायला लागलं मला. काचेचे तुकडे आणि राख याखेरीज जे येई ते माझ्याच चाळणीत. हाडाची बटणं. पितळी वजन. बाहुलीचा चिनी मातीचा हात, बोटंसुद्धा शाबूत. निळसर औषधी बाटली, जिच्या अंगावर मात्रेच्या रेघा होत्या. एका रविवारी तर तपकिरी दौत निघाली, थेट आमच्या पहिल्या भांडणातल्या दौतीसारखी. मी ती त्यांच्या नाकासमोर नाचवली. म्हटलं, घ्या, देवाघरी न्याय आहे, आता तुमच्याकडे एक आणि माझ्याकडे एक. त्यांनी बघितलंही नाही.

"काठाला टवका उडालाय. फालतू माल," म्हणाले, आणि पुढचं घमेलं माझ्या पायावर ओतलं.

बोलणं तर असं की ऐकणाऱ्याने कानात बोटं घालावीत. मी चाळण धरते ती पद्धत चुकीची. मी पाणी पिते ते घटाघटा. मी लेकीला जे शिकवलं नाही ते सगळं त्यांच्या घरात रोज दिसतं. मीही गप्प बसणारी नव्हे. त्यांच्या टपरीवर, त्यांच्या नाकातल्या केसांवर, त्यांच्या त्या लोखंडी कपाटावर मी यथेच्छ तोंडसुख घ्यायचे. हे कपाट म्हणजे त्यांच्या खोलीतलं एक प्रस्थ होतं. जन्मभर उकिरड्यातून आणलेलं सगळं त्यात, आणि दाराला त्यांनी स्वतः बनवलेली तीन कुलपं. त्यांची बायको त्यातलं काही न बघता गेली. सुनेने फडकं मारलं तरी हे ओरडायचे. मी म्हणायचे, व्याही, वर जाताना कपाट डोक्यावर घेऊन जा. ते म्हणायचे, तुम्हाला दाखवण्यापेक्षा पुरून टाकीन.

एक गोष्ट मात्र बदलली होती. आईवरून ते एक शब्दही काढत नव्हते. बाकी सात पिढ्या उद्धरायचे, आई वगळून. मला वाटलं, लाज वाटली असेल. मग वाटलं, यांना आणि लाज?

दिवस गेले, गोटी काही निघेना. पुढेपुढे इतर वस्तूही निघेनाशा झाल्या. नुसती राख, नुसती काच. व्याहीही खणताना चेंगटपणा करायला लागले. एक हात खणायचं आणि बसून राहायचं. मी घाई केली की म्हणायचे, खड्डा काय पळून जातोय? खालचा थोडाच भाग उरला होता. असली तर गोटी तिथेच. मला रात्रीची झोप येईना.

त्या रविवारी सकाळी लेकीचा फोन आला की बाबांची पाठ धरली आहे, आज येणार नाहीत, आणि तूही जाऊ नकोस असा निरोप आहे. निरोप ऐकून माझं डोकंच फिरलं. मला नको म्हणणारे हे कोण? म्हाताऱ्याला गोटी स्वतःच्या हातांनी काढायची आहे, म्हणजे जन्मभर मला वाकुल्या दाखवायला मोकळा. मी पदर खोचला आणि एकटी निघाले.

गुडघा खरंच ठणकत होता. थोडं खणायचं, वर यायचं, चाळायचं, पुन्हा उतरायचं. उन्हं माथ्यावर आली तेव्हा कुदळ ठण्णकन वाजली. खाली पिवळी, घट्ट, कधीच न हललेली जमीन लागली होती. खड्डा संपला होता. मी गुडघ्यांवर बसले आणि हातांनी कोपरे साफ केले. तीन कोपऱ्यांत काही नव्हतं. चौथ्या कोपऱ्यात, पिवळ्या जमिनीवर व्यवस्थित आडवी ठेवलेली, एक किल्ली होती. डोक्याला तीन भोकं.

मी ती उचलली, पदराला पुसली. मग सगळं एकदम ध्यानात आलं. मऊ माती. थरांची भेसळ. अबोल्याच्या महिन्यांत एकट्याने जाणं आणि चिखलाने माखून येणं. हा माणूस हा खड्डा तळापर्यंत आधीच खणून, चाळून, बुजवून बसला होता. निळी गोटी त्याला मिळाली होती आणि ती त्या तीन कुलपांच्या आत होती. आणि मला इतके दिवस त्याने चाळलेली माती पुन्हा चाळायला लावली होती, गंमत म्हणून.

मी तशीच मातीच्या पायांनी त्यांच्या घरात शिरले. लेक "आई, अगं" म्हणत मागून आली, तिला मी बाहेरच ठेवली आणि खोलीचं दार लावलं. व्याही पलंगावर पाठीखाली उशी घेऊन पडले होते. मी किल्ली त्यांच्या छातीवर टाकली.

त्यांनी ती उचलली, ओळखली आणि बाजूला ठेवली. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"कपाट उघडा," मी म्हटलं.

ते म्हणाले, पाठ दुखते आहे. मी म्हटलं, मग किल्ल्या द्या, नाहीतर कुदळ बाहेरच ठेवली आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कंबरेला बांधलेला जुडगा सोडला आणि दिला. तिन्ही कुलपं लोण्यासारखी उघडली. मी दार ओढलं.

कपाट रिकामं होतं.

फळ्या होत्या, फळ्यांवर धूळ होती, आणि धुळीत वस्तूंच्या जागा होत्या. एक छोटा चौकोन, माझ्या पितळी वजनाएवढा. एक लांबट खूण, औषधाच्या बाटलीएवढी. मधल्या फळीवर एक गोल, आणि त्याच्या शेजारी टवक्याची तपकिरी कपची. ती मी उचलून पाहिली. त्यांनी जन्मभर जमवलेलं सगळं माझ्या घरच्या फळीवर मांडलेलं होतं. मी ते चाळून नेलं होतं आणि वर त्यांना चिडवलं होतं.

मी ओरडले. विचारलं, गोटी कुठे आहे?

"नव्हती," ते म्हणाले. "तुमची आई थापाडी होती हे तुमच्या तोंडावर फेकायचं म्हणून खणला खड्डा. सगळा चाळला. निळी नव्हती." मग जणू दात काढून देत असल्यासारखं, पुढचं बोलले. "पांढरीही नव्हती. एवढ्या फुटक्या बाटल्या आणि गोटी एकही नाही. पोरं सोडतात होय गोट्या? बाटली फुटली की आधी गोटी पळवतात. तुमची होती की नव्हती, तो खड्डा काहीच सांगत नाही."

मी खुर्ची ओढून बसले. इतके दिवस मी चाळत होते. हजार फुटके गळे माझ्या हातांखालून गेले आणि पांढरी गोटी एकही आली नाही हे मला दिसलंच नाही, कारण मी निळीच शोधत होते. हे मला त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर आई माझ्यापुरती तेव्हाच सुटली असती. त्यांनी ते दाबून ठेवलं. मी विचारलं, का नाही सांगितलं?

"सांगितलं असतं तर तुम्ही घरी बसला असता." ते भिंतीकडे बघत होते. "या घरात सगळे माझ्याशी नीट वागतात. सून, मुलगा. काय हवं बाबा, कसं वाटतंय बाबा. भांडत कुणी नाही. तिकडे बायको गेली, इकडे तुम्ही अबोला धरला."

मग आणखी एक विचारायचं राहिलं होतं आणि ते मला विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं. म्हटलं, एवढं सगळं पुरलंत, दौतसुद्धा पुरलीत, मग एक निळी गोटी टाकायला काय झालं होतं? भंगारात पैशाला पासरी मिळतात. मी वेडी झाले असते आनंदाने.

"ती टाकली असती तर तुमच्या आईला मी खोटं पाडलं असतं," ते म्हणाले. "ती खरं बोललीही असेल. माझी गोटी कशाला मध्ये?"

मी उठले. दारापाशी जाऊन मागे वळले, कारण एक गोष्ट डोक्यात बसत नव्हती. मला फसवायचंच होतं, तर तळाला ती किल्ली कशाला ठेवली? ती नसती तर मला जन्मात कळलं नसतं.

त्यांना खरोखरच राग आला. उशीवरून अर्धे उठले, पाठ दुखते हे विसरून. म्हणाले, चाळलेला खड्डा खूण न ठेवता बुजवायचा? पुढच्या माणसाने फुकट घाम गाळायचा? काही रीतभात आहे की नाही?

पुढचा माणूस मीच होते. हे त्यांना सांगून काही उपयोग नव्हता.

घरी येऊन मी माझ्या फळीसमोर बसले. सगळं त्यांचं. बटणं, वजन, बाहुलीचा हात. परत नेऊन दिलं तर ते दार लावून घेतील, हे मला माहीत होतं. आभार मानले तर मेलेच. आणि खरं सांगते, आभार मानायची मला इच्छाही नव्हती. आईसाठी मी रडले, ते वेगळं. कपाटाला किल्ली लागायचा तो आवाज आठवला, पण त्या दिवशी तो आवाज मामांच्या घरातला होता एवढंच वाटलं, आईविषयी काही सांगणारा वाटला नाही.

पुढच्या रविवारी मी उजाडताच कारखान्यामागे गेले. बुजवायला काढून ठेवलेल्या मातीचा ढीग तसाच होता. थोड्या वेळाने भगदाडातून व्याही वाकून आत आले, कमरेला पट्टा, हातात घमेलं. मला बघून त्यांचं तोंड कडू झालं.

"आता काय राहिलंय इथे?" ते म्हणाले.

मी म्हटलं, ढिगाची कडेची माती धड चाळलेली नाही, तुमची चाळण भोकाभोकाची आहे, काय काय निसटलं असेल देव जाणे. आज मी खणते, तुम्ही चाळा. ते म्हणाले, तुमचा गुडघा. मी म्हटलं, माझा गुडघा माझ्यापाशी, तुम्ही तुमची पाठ सांभाळा. मग त्यांनी चाळण घेतली, शिव्या देत.

चौथ्या-पाचव्या घमेल्यात ती आली. मी पाठ करून खणत राहिले, पण चाळण थांबल्याचं मला कळलं. मग धोतराला काहीतरी पुसल्याचा आवाज.

"दौत आहे," व्याही म्हणाले. "काठाला टवका उडालाय. फालतू माल."

मी न वळता म्हटलं, चाळणीत आलं ते चाळणाऱ्याचं, नियम आहे. नको असेल तर फेकून द्या.

त्यांनी फेकली नाही. खिशात घातली, आणि ओरडले की मी घमेलं अर्धंच भरते, अशाने संध्याकाळ होईल.